फोनला आधी वाट

"सिनेमे अडकले तर अडकू देत, पण फोनला आधी वाट देणारा राउटर दे," काकूंनी काउंटरवर बजावलं. "लेक कॅनडातून बोलते आणि निम्मं बोलणं वाटेतच गळतं."

मी तसाच निवडला, घरी जाऊन जोडला आणि जुना दुकानात घेऊन आलो.

सोमवारी काकू परत हजर.

"अजून आवाज तुटतो?"

"छे, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी ऐकू येते. जेवलीस का विचारते, गोळ्या घेतल्यास का विचारते. मग गप्पच बसते." त्यांनी पिशवीतून नवा राउटर काढून काचेवर ठेवला. "आधी ती गप्प झाली की मी नेटला शिव्या घालायचे आणि पुन्हा फोन लावायचे. जुना फेकला नाहीस ना रे?"