उठवणारी खुर्ची

खुर्चीच्या स्प्रिंगने इतक्या जोरात उसळी घेतली की द्वारकाकाकू पुढे फेकल्या गेल्या. समोरचा दांडा हाती लागला म्हणून वाचल्या. वृद्धांच्या व्यायामासाठी ही खुर्ची बनवणारी ऋजुता धावत पुढे आली. गेल्याच वर्षी काकूंचा खुबा मोडला होता.

"चुकलं माझं, काकू. आजची चाचणी थांबवू या."

"थांबवू नकोस. माझी मी उठेन, कुणी उठवायला नको. ती स्प्रिंग काढ."

ऋजुताने स्प्रिंग काढली. काकूंनी दांडा धरला. मांड्या थरथरल्या, वीतभर उठून त्या पुन्हा बसल्या. ऋजुताचा हात आपसूक पुढे गेला. काकूंनी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या खेपेला त्या उभ्या राहिल्या आणि एकेक बोट सोडवत त्यांनी दांडाही सोडला.