गोधडीतले

गोधडीची डोक्याकडची बाजू तेवढी शिवायची राहिली होती आणि चंद्रप्रकाशचं घोरणं थांबलं.

रुक्मिणीचा दाभण होता तिथेच थांबला. रविवारची दुपार, पोटात कोंबडी-वडे, अंगावर गोधडी. असा माणूस सहसा जागा होत नाही. चंद्रप्रकाशने ओठ चाटले, कूस बदलून पाहिली. जमली नाही. झोपेतच त्याने नाद सोडला आणि तो पुन्हा घोरू लागला. रुक्मिणीने पुढचा टाका घातला. गोधडीतून आत, खालच्या गादीतून बाहेर. दोरा दुहेरी. कणकवलीला तिची आई सांगायची, "टाको असो घाल, माणूस फाटलो तरी गोधडी फाटूक नये."

कांजूरमार्गच्या त्या सोसायटीत चंद्रप्रकाशला सगळे भाऊ म्हणत. रिटायर झाल्यापासून त्याने घर नवं करायचा छंद घेतला होता. कारागीर नको, कंत्राटदार नको, सगळं मोबाइलवर बघून स्वतः. "भाऊंचा हात काय चालतो हो!" असं येणारा-जाणारा म्हणे. त्याबद्दल रुक्मिणीला कधीच शंका नव्हती.

त्याची कामाची पद्धत ठरलेली होती. आधी ड्रिलचं बटण अडकवून ते स्टुलावर घरघरत ठेवायचं, मग हात चालवायचा. भिंतीला पोचा पडला की पुट्टी भरायची आणि पुट्टीवर काहीतरी कलाकुसर करायची. जिथे जिथे रुक्मिणीचं डोकं आपटलं होतं, तिथे तिथे आता काहीतरी सुंदर होतं. हॉलमध्ये तर अख्खा मोर होता. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मोराच्या वेळी तिच्या भुवईवर टाके पडले. डॉक्टरांना तिने मोरीत घसरले म्हणून सांगितलं. टाके फार लांब लांब घातलेत, एवढं मात्र तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिने खालच्या मजल्यावरच्या उत्तराताईंना विचारलं होतं. उत्तराताई सोसायटीच्या सेक्रेटरी. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, हा नियम त्यांचाच. कुणी मोडला की गुडघे दुखत असतानाही जिना चढून यायच्या.

"काल तुम्हाला काही ऐकू आलं का हो?"

उत्तराताई तुळशीची पिवळी पानं खुडत राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही गं. ड्रिल चालू होतं ना."

परवा शुक्रवारी चंद्रप्रकाशने जाहीर केलं, की सोमवारी गॅलरी फोडून हॉलमध्ये घ्यायची. गॅलरी म्हणजे रुक्मिणीची गोधड्या शिवायची जागा. घरात तिची म्हणावी अशी तेवढीच. ती म्हणाली, "नको." लग्नानंतर हा शब्द तिने पहिल्यांदाच वापरला होता. चंद्रप्रकाशने शांतपणे तिची डावी करंगळी ओट्याच्या कडेवर टेकवली आणि टाइल तोडतात तशी एका झटक्यात मोडली.

"सोमवारी परत नको म्हण," तो म्हणाला. "अजून नऊ आहेत."

उद्या सोमवार होता.

रुक्मिणीने शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. तेवढ्या आवाजाने त्याला जाग आली. त्याने हात वर घ्यायला बघितलं. हात आतच राहिले. पाय झाडायला बघितलं. दिवाण नुसता करकरला.

"रुक्मे, काय केलंयस हे? सोड! उठलो ना, तर जीव घेईन तुझा!"

"म्हणून तर शिवलंय," ती म्हणाली.

तिने त्याच्या हत्यारांच्या पेटीतून रबरी हातोडा काढला. लोखंडी हातोड्याने टाइल फुटते, रबरीने दणका पुरा बसतो पण वरून तडा दिसत नाही, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. हातोडा तिच्या मांडीवर मारून समजावलं होतं. सुशिक्षित लोक शालजोडीतले देतात. रुक्मिणीकडे गोधडी होती.

तो शिव्या देत होता तोवर ती गुडघ्यांवर होती. शिव्यांच्या शपथा झाल्या तेव्हा ती बरगड्यांपर्यंत आली. "पाया पडतो" असं ऐकू आलं तेव्हा ती उजव्या हाताशी पोचली होती. पाया पडण्याची त्याची काही सोय नव्हती. हिरव्या इरकलीच्या तुकड्याखाली पंजा वळवळत होता. तिथे तिने सावकाश काम केलं. आतून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मग तसाच आणखी एक.

दाराची बेल वाजली.

रुक्मिणीने हातोड्यासकट दार उघडलं. बाहेर उत्तराताई, कठड्याला धरून धापा टाकत.

"अगं, दोन वाजून गेले ना! काय हे..."

त्यांनी आत डोकावलं. दिवाणावर गोधडी उसळत होती.

"वहिनी!" आतून चंद्रप्रकाश ओरडला. "वाचवा! ही मारून टाकतेय मला! पोलिसांना फोन करा!"

उत्तराताईंनी गोधडीकडे पाहिलं. मग मोराकडे. मग रुक्मिणीच्या भुवईकडे आणि चिंधी गुंडाळलेल्या करंगळीकडे. स्टुलावर ड्रिल पडलं होतं, वायर नीट गुंडाळून.

त्यांनी चपला काढल्या. आत आल्या, दार लावून घेतलं, वरची कडीही घातली. मग गोंगाटात बोलावं लागतं तसा आवाज चढवून त्या म्हणाल्या,

"काही ऐकू येत नाही हो, भाऊ! ड्रिल चालू आहे ना!"