वाचले व समजले

सदतीस सह्या झाल्या होत्या. पाच राहिल्या होत्या आणि जेवणाची सुट्टी संपायला बारा मिनिटं होती. किस्तिना पॅड छातीशी धरून कँटीनमध्ये टेबलामागून टेबल फिरत होती. भाताच्या ताटाशेजारी कागद सरकवायचा, बोट ठेवून रकाना दाखवायचा आणि हसायचं. ऑफिसनं तीन आठवड्यांत तिला एवढं तरी शिकवलं होतं, की हसून मागितलं तर माणसं वाचत नाहीत.

कागद तिनंच लिहिला होता. यंत्रांच्या सूचना लिहायला शिकायचं म्हणून कॉलेजनं तिला तीन महिन्यांसाठी मलेशियातल्या बायान लेपासच्या या कारखान्यात धाडलं होतं, आणि छापून आलेला हा तिचा पहिलाच कागद. सलाईनच्या नळ्यांची पाकिटं सील करणाऱ्या यंत्रात पाकीट अडकलं तर काय करायचं, ते सात ओळींत. यंत्र बंद करा. तापलेली पट्टी निवू द्या. मग हातानं साफ करा. खाली ठळक अक्षरांत ‘वाचले व समजले’ आणि बेचाळीस कामगारांची नावं.

फक्त पट्टी निवायला तिनं दहा मिनिटं लिहिली होती आणि छापून आली होती तीन.

सकाळी ती घाबरत घाबरत तिचे साहेब मिस्टर तिओ यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली होती.

“सर, यंत्र बनवणाऱ्यांच्या पुस्तकात दहा आहेत. तीन मिनिटांनी बोट लागलं तर कातडी सोलून निघेल.”

“आणि दर वेळी दहा मिनिटं लाइन बंद ठेवली, तर वरचे लोक माझी सोलून काढतील,” तिओ म्हणाले. माणूस वाईट नव्हता. केळीच्या पानात बांधलेली कुईची मिठाई रोज आठवणीनं तिच्या टेबलावर ठेवायचा. “पोरी, उद्या तपासणीला माणूस येतोय. तो सह्या बघतो, मिनिटं नाही. जा, शहाण्यासारखी सगळ्यांच्या सह्या घेऊन ये.”

शेजारच्या टेबलावरच्या रोझितानं, जिला सगळे काक म्हणजे ताई म्हणत, चहा ढवळता ढवळता हलक्या आवाजात भर घातली होती. “दोन महिने उरलेत ना गं तुझे? मग सुखाचे काढ की.”

पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये, हे किस्तिनाला कुणी शिकवायला नको होतं. ती मुकाट्यानं खाली उतरली. जिन्यात तिला स्वतःची लाज वाटली. पण पाय काही थांबले नाहीत.

खिडकीजवळच्या टेबलावर चौघं बर्मी कामगार जेवत होते. “निकाहाचा कागद नाही ना हा?” त्यातला एक म्हणाला. “गावी एक बायको आहे बरं का मला!” चौघं हसले, एकाच पेनानं सह्या करून मोकळे झाले. कोपऱ्यावर सांबालच्या चटणीचा लाल डाग पडला. किस्तिनानं तो रुमालानं टिपला.

आता एकच राहिली होती. मनकुमारी, नेपाळची. आठ वर्षं त्याच यंत्रावर उभी होती. तिला नाव तेवढं लिहिता यायचं, बाकी अक्षराशी वैर. तिनं ओला हात कमरेला पुसला, पेन घेतलं आणि कागदाकडे नुसती बघत राहिली.

“काय लिहिलंयस, आदिक?” ती सगळ्या लहान मुलींना आदिकच म्हणायची.

“काही नाही काक, नेहमीचंच. पाकीट अडकलं तर जपून काम करा, असं.”

“जपून राहा म्हणून माझ्या आईनंही सांगितलंय. तिनं सही नव्हती मागितली हो!” शेजारच्या बायका खिदळल्या. “वाच की जरा. तूच लिहिलंयस, तर वाचायला कसली लाज?”

किस्तिनानं घड्याळाकडे पाहिलं. मग वाचायला लागली. “यंत्र बंद करा. पट्टी निवण्यासाठी तीन मिनिटं थांबा.”

“तीन?” मनकुमारीनं विचारलं. पेन धरलेल्या तिच्या हाताची दोन बोटं टोकाशी गुळगुळीत होती. त्यांवर रेषाच उरल्या नव्हत्या.

किस्तिनाला पुढचं वाचवेना. बोटांवरची नजर तिनं ओढून काढली. मागे वळून जिन्याकडे पाहिलं. वरून कुणी बघत नव्हतं. ती खाली वाकली आणि मनकुमारीच्या कानाशी लागली.

“काक, दहा मिनिटं थांबत जा. तीन खोटं आहे. पण कुणाला बोलू नका, माझी शपथ आहे तुम्हाला.”

एवढं बोलली आणि तिला हलकं वाटलं. सांगायचं ते सांगून झालं होतं. आता एक सही, की वर जायचं.

मनकुमारीनं पेन कागदावर टेकवलं. पण नाव काही लिहिलं नाही. आवाज लहान करायची तिला सवयच नव्हती. ती बोलली तेव्हा खिडकीजवळचे चौघंही घास हातात धरून वळून बघू लागले.

“मग सही कशावर करू, आदिक? या कागदावर, का तू कानात सांगितलंस त्यावर?”