दादाचा तास

यंत्रमानवाने तुळईचं गणित फळ्यावर मांडलं आणि तिसऱ्या ओळीत उणेच्या जागी अधिक लिहिलं. शेवटच्या बाकावर प्राचार्यबाईंशेजारी बसलेल्या सरांच्या जिवाला थंडावा मिळाला. त्याचे पाठ भरायचं काम सरांकडेच होतं, आणि ती चूक त्यांनी सकाळी स्वतःच्या हाताने आजच्या पाठात घातली होती.

घालणार नाहीत तर काय? बावीस वर्षं अभियांत्रिकीच्या पोरांपुढे घसा कोरडा करून ते नुसते ‘सर’ राहिले, आणि हा दीड महिन्यात ‘दादा’ झाला. सरांनी हजेरीपटाच्या मागच्या पानावर चक्क हिशेब ठेवला होता. महिनाभरात त्यांच्या तासाला वर गेलेले हात चार, त्यातला एक ‘पाणी पिऊन येऊ का?’ विचारणारा. दादाच्या एका तासाला एकोणीस. आणि पुढच्या सत्रात दुसरं वर्ष कोणी शिकवायचं, ते बाई आज ठरवणार होत्या.

“दादा, थांब. तिथे उणे हवं.”

बोलली ती खिडकीजवळची मुलगी. दीड वर्षात सरांनी तिच्या तोंडून ‘हजर’पलीकडे शब्द ऐकला नव्हता.

“बरोबर. माझं चुकलं,” यंत्रमानव म्हणाला. “ये, पुढचं तूच सोडव.”

ती गेली, आणि सोडवलंही. पोरांनी बाकं बडवली.

बाई सरांच्या कानाशी लागल्या, “मुद्दाम चूक घालून मुलांना बोलतं केलंत! कमाल आहे हं तुमची. आता असं करू, दुसरं वर्ष त्यालाच देऊ. पाठ मात्र तुम्हीच भरत जा.”

सरांना हसून मान हलवावी लागली. तास सुटल्यावर त्यांनी मुलीला दारातच गाठलं.

“काय गं, माझ्या तासाला मूग गिळून बसतेस. मी चुकलो असतो, तर बोलली असतीस?”

“तुम्ही चुकला होतात की, सर. पहिल्या वर्षी, कप्पीच्या गणितात.”

“मग?”

“तुम्ही चिडला असता. म्हणून सगळ्यांनी तसंच उतरवून घेतलं. परीक्षेतही तसंच लिहिलं.”

ती जरा घुटमळली.

“तुम्ही पैकीच्या पैकी मार्क दिलेत.”