जास्वंदीची तक्रार

यमुताईंनी जास्वंदीच्या खोडाला झाडांची भाषा उलगडणारं यंत्र बांधलं, तेव्हा शेजारचे रेगे चहाचा कप घेऊन ऐटीत उभे होते.

"निंबोळी अर्क दुप्पट मारा, वहिनी. एकही कीड सोडू नका," त्यांनी फुकटचा सल्ला दिला.

यंत्र खरखरलं आणि जास्वंद बोलू लागली, "पानांमागे मावा आहे, तो रस पितो. देठांवर पिठ्या ढेकूण आहे, तोही सोसते. पण एक मोठी कीड रोज पहाटे कुंपणावरून हात घालून माझ्या कळ्या ओरबाडते. तोंडाने अथर्वशीर्ष चालू असतं. फांदी मोडली की तेवढं थांबतं."

रेग्यांना देवघरातल्या आजच्या एकवीस कळ्या आठवल्या आणि चहाचा ठसका लागला.

यमुताईंनी शांतपणे फवारणीचा पंप उचलला.

"दुप्पटच म्हणालात ना, भावजी?"