जोडीचा नाच

हेमलताबाईंनी डान्स स्टुडिओतल्या मुलीला विचारलं, "कुठकुठले वर्ग आहेत?"

"कथक, झुंबा आणि साल्सा. कथक शिकायला वर्षं लागतात. झुंबा म्हणजे व्यायाम."

"व्यायामच कर. पोट बघ," त्यांचे पती भालचंद्रराव मध्येच म्हणाले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तरी घरच्या प्रत्येक समारंभात बायकोच्या नाचाची नक्कल करून पाहुण्यांना हसवणं त्यांनी सोडलं नव्हतं.

"आणि साल्सा?"

"तो जोडीने करतात."

"माझ्याकडे बघू नकोस. म्हशीबरोबर कोण नाचेल?" भालचंद्ररावांनी त्या मुलीपुढे टाळीसाठी हात केला. तिने टाळी दिली नाही.

हेमलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आज राग आला नाही. हा माणूस फारच किरकोळ वाटला.

"जोडीदार तुम्ही देता?" त्यांनी मुलीला विचारलं.

"देतो."

"मग साल्साच लिहा. यांना बाहेर खुर्ची द्या, तासभर बसतील."