सात घड्याळं

"आठ दिवसांपासून ठोका चुकतोय तुमचा. बाहेर बसा, एकेकाला तपासते," म्हणत डॉक्टरीणबाईंनी हिशेबनीसांच्या हातात कागद ठेवला.

कंपनीच्या दवाखान्याबाहेर बाकावर त्यांच्याच खात्यातले सहाजण आधीच तोंडं पाडून बसले होते. सगळ्यांचा आजार एकच. बाईंनी तर पिण्याचं पाणीही तपासायला पाठवलं होतं.

औषधपाण्याचा खर्च हाताबाहेर गेला, तेव्हा साहेबांनी कायम नोकरीवरच्या माणसांच्या मनगटाला घड्याळं बांधली होती. घड्याळ पावलं मोजायचं, नाडी बघायचं आणि बाईंकडे चहाडी करायचं. रोज दहा हजार पावलं भरली की पगारातून कापला जाणारा विम्याचा हप्ता निम्मा. खुर्चीला चिकटलेलं हिशेब खातं वर्षभर पहिलं येत होतं.

हिशेबनीसांच्या डोळ्यांपुढे बायको आली, कॉलेजातली धाकटी आली. पण खोड जाते कुठे? त्यांनी कागदावरचे आकडे वाचले. कालची पावलं चौदा हजार दोनशे बारा. शेजाऱ्याच्या कागदात डोकावले. चौदा हजार दोनशे दहा. पुढचे पाचही तसेच.

त्यांनी घसा खाकरला. "माझं घड्याळ भिंगरीकडे असतं. चार पैसे देतो त्याला."

भिंगरी म्हणजे पाचही मजल्यांवर टपाल पोचवणारा कंत्राटी शिपाई. पायाला चाकं, अंगात बारा महिने पूर्ण बाह्यांचा सदरा.

बाकावरचा एकजण पुटपुटला, "माझंही."

"मला म्हणाला होता, फक्त तुमचंच घेतो म्हणून."

"मलाही तेच म्हणाला, लेकाचा."

सातही छात्या एकदम हलक्या झाल्या. कुणीतरी खुदकन हसलं. "वाचलो बुवा. आता गप्प बसायचं. हप्ता निम्माच बरा."

हिशेबनीसही हसले. मग त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

"सातातून सात गेले," ते म्हणाले, "तरी एक हृदय शिल्लक राहतंय."

ते उठले, दार ढकलून "बाई, ठोका आमचा नाही" एवढं ओरडले आणि जिन्याकडे धावले. मागून सहाजण.

भिंगरी चौथ्या मजल्याच्या पायरीवर टपालाची थैली मांडीवर घेऊन बसला होता. ओठ पांढरे. सातजणांनी त्याला खुर्चीत घालून खाली आणलं.

पाऊण तासाने बाई बाहेर आल्या. "वेळेवर आणलंत. धोका टळला. गोळ्यांवर भागेल."

दाराच्या फटीतून भिंगरीचा आवाज आला. "साहेब, आजची पावलं कमी पडली. उद्या भरून काढतो."

"पडून राहा गपचूप," हिशेबनीस म्हणाले. ते अजून धापा टाकत होते.

बाईंनी त्याच्या बाह्या दुमडल्या होत्या. उजव्या हाताची तीन आणि डाव्याची चार घड्याळं त्यांनी बाकावर ओळीने मांडली. सातजण फरशी बघू लागले.

"कंत्राटी माणसाला घड्याळ द्यायचा नियमच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही सातही जण सरळमार्गी असता, तर हा माझ्यापर्यंत पोचलाच नसता."